पुणे ते पणजी सायकलने, वाडीवरच्या मुलींच्या सायकलींसाठी. तयारी कशी करू?

गिअर_नसलेली | १८ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

तर झालंय असं की ऑफिसातले आणि सोसायटीतले मिळून आम्ही आठ जणांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून पणजीला सायकलने जायचं ठरवलंय. चार दिवस, सातारा, कोल्हापूर, आजरा आणि मग आंबोली उतरून गोवा, साधारण ४४० किमी. आजऱ्याजवळच्या वाड्यांवरच्या मुली हायस्कूलला रोज चारपाच किमी चालत येतात, त्यांना सायकली द्यायच्यात, तिथे काम करणारी एक छोटी संस्था आहे तिच्यामार्फत. एक साधी लेडीज सायकल घाऊक भावात ५,२०० ला पडतेय. लोकांकडे किलोमीटरला एक रुपया असे पैसे मागायचे, म्हणजे पोचले तर ४४० रुपये.

आता माझी परिस्थिती. वय ४४, बैठं काम. लॉकडाऊनमध्ये हौसेने २१ गिअरची हायब्रिड घेतली होती, तिच्यावर सध्या टॉवेल वाळतात. रविवारी कधीतरी मिसळ खायला १२ किमी जाऊन येते आणि सोमवारी जिना चढताना गुडघ्याला हात लावते. गिअर कधी कुठला टाकायचा हेही नीट कळत नाही (म्हणून आयडी). पंधरा आठवडे आहेत. होईल का? खरं सांगा, गोड बोलू नका.

घाटवेडा | १८ ऑगस्ट, रात्री ११.२५

होईल. खरंच सांगतोय. पंधरा आठवडे भरपूर झाले, फक्त पहिले तीन आठवडे जोशात येऊन मोडून पडू नका, बहुतेक लोक तिथेच संपतात.

माझा स्वतःचा अनुभव बीआरएमचा आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचा. त्यात २०० किमीला साडेतेरा तास देतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास. हे अशासाठी सांगतोय की लांब पल्ल्याला वेग लागत नाही, न थांबता चालत राहणं लागतं, आणि थांबलात तर अर्ध्या तासाच्या जागी सात मिनिटांत परत सीटवर बसणं लागतं. तुमचा सर्वात मोठा दिवस १२०-१२५ चा दिसतोय. सकाळी पाचला निघालात तर ताशी पंधराने दुपारी दीडदोनला पोचता.

आठवड्यात दोन किंवा तीन दिवस तासभर, ऑफिसच्या आधी. रविवारी एक लांब. पहिल्या रविवारी ३०, मग दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा, नंतर जमायला लागलं की थोडं जास्त, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एकदा तरी १०० झाले पाहिजेत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शनिवार-रविवार जोडून करा, शनिवारी ७० आणि रविवारी परत ७०. एक दिवस १०० कोणीही मारतं हो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर बसताना खरी परीक्षा असते.

वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. तुटक शब्द यायला लागले की हळू व्हा.

पंक्चरसम्राट | १९ ऑगस्ट, सकाळी ६.०५

नमस्कार. सांगलीहून लिहितोय, वय ६७. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, आता सायकलच चालवतो. ताई, आधी टॉवेल काढा आणि सायकल दुकानात न्या. तीनचार वर्षं उभी असेल तर टायरच्या कडेला बारीक चिरा गेलेल्या असतील, बोटाने वाकवून बघा. ब्रेकचे रबर दगडासारखे झाले असतील. चेन धुऊन तेल घाला, जास्त नको, पुसून घ्या. चाक आऊट असेल, म्हणजे डगमगत फिरत असेल, तर सरळ करून घ्या. सीटची उंची: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. नव्या लोकांची सीट नेहमी खाली असते कारण त्यांना बसल्या बसल्या जमिनीला पाय टेकवायचे असतात. ती सवय सोडा.

आणि पंक्चर काढता येतं का?

गिअर_नसलेली | १९ ऑगस्ट, सकाळी ९.१२

काका, पंक्चर म्हणजे सायकल हाताने ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेणे, एवढंच येतं. बाकी सगळं टिपून घेतलं, धन्यवाद. घाटवेडा, तुमची पोस्ट प्रिंट काढून फ्रिजवर लावलीये, नवरा म्हणाला आता फ्रिज बारीक होईल.

भोचकराव | १९ ऑगस्ट, दुपारी १.४७

विरोधासाठी विरोध नाही, पण एक प्रश्न. आठ जण, चार दिवस, मागे एक गाडी असेलच, लॉजिंग, जेवण, परतीचा प्रवास. माणशी साडेसहा हजार तरी धरा. झाले ५२,०००. तुमच्याच भावाने त्यात बरोब्बर दहा सायकली येतात. ते पैसे सरळ संस्थेला द्या आणि घरी झोपा. सायकल चालवून कोणाचं भलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. गोव्याला जायचंय तर जा की, त्याला पुण्याचं वेष्टण कशाला?

अनुस्वार | १९ ऑगस्ट, दुपारी २.०३

आला आला. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

ब्रायटनची_सून | १९ ऑगस्ट, सायंकाळी ७.३०

इकडे इंग्लंडात हा प्रकार अगदी घरोघरी आहे. मी लंडन ते ब्रायटन केलीये, ५४ मैल, ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी. क्लॅपम कॉमनवरून सकाळी निघायचं आणि सगळं सपाट-सोपं वाटत असतानाच अगदी शेवटी डिचलिंग बीकन नावाचा चढ येतो, आपल्या घाटांपुढे उंची काहीच नाही पण पाय तोवर संपलेले असतात. निम्मं पब्लिक सायकल हातात धरून चालत असतं, मीही त्यातच.

पण मला सायकलपेक्षा पैसे मागणं जड गेलं होतं. ऑफिसात इंग्रज सहकारी बिनधास्त ईमेल टाकतात, मी हे करतोय, पैसे द्या. मला आठवडाभर ईमेल लिहिताच येईना. आपल्याला लहानपणापासून कोणापुढे हात पसरायचा नाही हेच शिकवलेलं. शेवटी शेजारच्या आजीबाईंनी स्वतःहून विचारलं आणि पाच पौंड दिले, तिथून सुरुवात झाली. तुमचीही गाडी तिथेच अडकणार बघा, घाटात नाही.

गिअर_नसलेली | २० ऑगस्ट, सकाळी ७.५५

भोचकराव, रात्रभर विचार केला. हिशोब बरोबर आहे तुमचा. खर्च आम्ही आपापल्या खिशातून करणार आहोत, गोळा झालेल्यातला एक रुपया त्यात जाणार नाही, हे मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पण तुमच्या मुद्द्याला ते उत्तर नाही हेही मान्य. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी घरी झोपले असते तर साडेसहा हजार दिले असते का? नसते दिले. पाचशे दिले असते आणि विसरले असते. आणि हो, गोव्याला जायचंच आहे.

वकिलीणबाई | २० ऑगस्ट, सकाळी ११.२०

एक महत्त्वाचं. पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात किंवा यूपीआयवर गोळा करू नका. नोंदणीकृत न्यास नसलेल्या माणसाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-सी खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणपतीच्या मंडळांना घ्यावी लागते तीच. संस्था नोंदणीकृत असेल तर लोकांना थेट तिच्याच खात्यात पैसे टाकायला सांगा, तुम्ही फक्त वही ठेवा.

संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीची नोंदणी (लोक ८०जी म्हणतात ती) असेल तर देणाऱ्याचा पॅन घ्या, प्रमाणपत्रासाठी लागतो. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही. नव्या करप्रणालीत तर कसंही दिलं तरी नाही, हे आधीच सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये लोक तुमच्या घरी येतील.

गिअर_नसलेली | ७ सप्टेंबर, रात्री ९.३०

अपडेट. तीन रविवार झाले, ३०, ३४, ३८. पावसात दोनदा भिजले. कात्रजचा जुना घाट बोगद्यापर्यंत एकदाही न उतरता चढले (सर्वात हलका गिअर टाकून, चालणाऱ्या माणसाने मागे टाकलं असतं एवढ्या वेगाने, पण चढले).

तक्रारी दोन. एक म्हणजे बूड. जेलचं सीटकव्हर आणलं तर आणखीच दुखायला लागलं. दुसरं, उजव्या गुडघ्याची वाटी समोरून ठणकते आणि डाव्या हाताची करंगळी बधिर होते.

डॉ_गुडघे | ७ सप्टेंबर, रात्री १०.१५

फिजिओ आहे, बघितल्याशिवाय निदान करत नाही, पण सायकलवाल्यांमध्ये गुडघा समोरून दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा जड गिअर दाबत चालवलेलं असतं. मागून दुखला तर उलट, सीट फार वर. काकांनी सांगितलेलं टाचेचं माप लावून बघा आणि मग एकदम इंचभर नको, चारपाच मिलिमीटरने वर घ्या. पायडल मिनिटाला ८० च्या आसपास फिरलं पाहिजे. पायात ताकद आहे म्हणून जड गिअर लावणं म्हणजे गुडघ्याचं कर्ज काढणं.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं कारण तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दबते. पॅडवाले ग्लोव्हज घ्या, दर दहा मिनिटांनी पकड बदला, कोपर ताठ ठेवू नका. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर मात्र दाखवा कोणाला तरी.

अनुस्वार | ७ सप्टेंबर, रात्री १०.५२

बूड हा विषय बायका उघड बोलत नाहीत म्हणून मीच बोलते. जेलचं कव्हर फेकून दे. मऊ गादीत हाडं रुततात आणि जिथे दाब नको तिथेच येतो. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घे आणि तिच्या आत काहीही घालायचं नाही, हो, काहीही नाही, शिवणीच घासतात. लांब पल्ल्याला व्हॅसलीन लाव भरपूर. राइड संपली की ओली शॉर्ट घालून चहाला बसायचं नाही, लगेच बदलायची. बिबवाली (खांद्यावर पट्टे असलेली) शॉर्ट मला तरी आवडत नाही, टॉयलेटला जाताना अर्धा अवतार उतरवावा लागतो.

आणि पाळीच्या तारखा आत्ताच मोजून बघ डिसेंबरच्या. हायवेला पेट्रोल पंपांवर टॉयलेट मिळतात, पण दिसलं की जायचं, लागलं की नाही. पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे, मी तो केलाय आणि त्याचं बक्षीस म्हणून आठवडाभर औषधं घेतलीयेत.

भोचकराव | ८ सप्टेंबर, सकाळी ८.४०

शंका. किलोमीटरला रुपया म्हणताय. मग सायकल हातात धरून ढकलत नेलेले किलोमीटर धरायचे की नाही?

घाटवेडा | ८ सप्टेंबर, सकाळी ८.५५

धरायचे. बीआरएममध्ये ढकललेलं चालतं. स्वतःच्या दमावर पुढे गेलं म्हणजे झालं.

वकिलीणबाई | ८ सप्टेंबर, सकाळी ९.३०

करारात "सायकलने" शब्द आहे. सायकलने म्हणजे सायकलवर बसून की सायकलसह? 😄

पंक्चरसम्राट | ८ सप्टेंबर, सकाळी १०.००

ढकलताना जास्त दम लागतो. दीडपट धरा.

भोचकराव | ८ सप्टेंबर, सकाळी १०.१०

मी धरणार नाही. बाकीच्यांचं बाकीचे बघोत. किमीला २ रुपये लिहा माझ्या नावावर, फक्त पायडल मारलेले.

अनुस्वार | ८ सप्टेंबर, सकाळी १०.१२

भोचकराव पैसे देणार??? तारीख लिहून ठेवा.

आजरेकर | २१ सप्टेंबर, दुपारी ४.१८

धागा आजच बघितला. आमच्याकडे येताय म्हटल्यावर लिहायलाच पाहिजे. या की, आमच्याकडच्या घनसाळ तांदळाचा भात घालतो. मुलींचं बरोबर लिहिलंय तुम्ही, त्यात एक भर घालतो, नुसतं अंतर न्हाई. आमच्याकडं हत्ती येतोय, गवे तर रोजचेच. दिवस बुडाय लागला की आईबाप पोरीस्नी एकटं सोडत न्हाईत, मग शेवटचा तास बुडतो, मग हळूहळू शाळाच बुडती. सायकल असली की उजेडात घरात येतात. म्हणून सायकल पाहिजेच.

पण एक खरं बोलतो, राग मानू नका. सरकारी योजनेतून मागं सायकली आल्या होत्या, आमच्या शेजारच्या वाडीत तीन हायत. त्यातल्या दोन पंक्चर होऊन गोठ्यात लावल्यात. पंक्चर काढायला आजऱ्यात न्यायची तर तेवढीच वाट, आणि पोरगीनं ढकलत न्यायची व्हय? पंप तर कुणाच्याच घरात न्हाई. बघा इचार करा.

गिअर_नसलेली | २१ सप्टेंबर, रात्री ११.०५

आजरेकर, राग कसला. मी गेले दोन तास नुसती स्क्रीनकडे बघतेय. आम्ही आठ शिकलेली माणसं महिनाभर सायकलींची संख्या मोजतोय आणि पंप कोणाच्या डोक्यातच आला नाही. उद्या संस्थेशी बोलते. दर वाडीला एक उभा पंप आणि पंक्चरची पेटी, आणि मुलींना शिकवायला कोणीतरी.

आणि काका, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मलाच येत नाही, मी कुठल्या तोंडाने शिकवू.

पंक्चरसम्राट | २२ सप्टेंबर, सकाळी ५.५०

शिका मग. मागच्या चाकावरच शिका, पुढचं सगळ्यांना येतं. चेन सर्वात लहान चक्रीवर आणा, चाक सोडा, हवा पूर्ण काढा. टायरची एक कड लिव्हरने उचला, लिव्हर नसेल तर चमच्याचा दांडा, पण स्क्रूड्रायव्हर नको, ट्यूब फाडाल. ट्यूब काढून हवा भरा, पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तिथे खूण करा. कोरडी करा, कानशीने घासा, सोल्युशन लावा आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ लावा आणि दाबून धरा.

आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू. काटा किंवा तार टायरमध्येच बसलेली असते. ती काढली नाही तर दहा मिनिटांत परत तेच. हायवेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, केसासारख्या, त्या डोळ्याला दिसत नाहीत. बोटाला कळतात. हे विसरू नका.

पुण्यात तुमच्या सायकलीला तो पातळ, स्क्रूवाला व्हॉल्व असेल तर अडॅप्टर जवळ ठेवा, पुढे गावात हवा भरून मिळणार नाही.

गिअर_नसलेली | २ नोव्हेंबर, सायंकाळी ५.२०

आज माझी लाज मी स्वतःच वेशीवर टांगते. पहिले १०० करायचे म्हणून पाचला निघाले, शिरवळला नीरेच्या पुलापर्यंत आरामात गेले, फोटोबिटो काढले. परतताना कापूरहोळच्या अलीकडे एकदम हातापायातली जानच गेली. डोळ्यापुढे काजवे, थंड घाम, रडू यायला लागलं उगाचच. रस्त्याच्या कडेला बसले, एका टपरीवाल्या मावशींनी काही न विचारता गूळ-पाणी आणि दोन वडापाव दिले, अर्ध्या तासाने माणसात आले. टेम्पोने परत आले. शंभर राहिलेच. खाल्लं काय होतं? निघताना काळा चहा आणि एक केळं. वजनही उतरेल म्हटलं होतं जाता जाता.

पैशाचं सांगायचं तर त्याहून वाईट. महिन्याभरात अकरा जण. मेसेज टाइप करते आणि खोडते.

घाटवेडा | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६.०२

अहो सगळ्यांचं होतं हे एकदा. शरीरातला साखरेचा साठा दीडदोन तासांत उतरणीला लागतो, त्यानंतर तुम्ही जे खाताय त्यावरच गाडी चालते. भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर झालेला असतो. घड्याळ लावा, दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी, तासाला ३० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड (कार्ब) पोटात गेलं पाहिजे. एका केळ्यात ते साधारण २५ ग्रॅम असतं. महागडी पाकिटं नकोत, राजगिऱ्याचा लाडू, गूळपोळी, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, चिक्की. दिवाळीचा फराळ उरला असेल तर शंकरपाळे खिशात भरा, त्यासारखं काही नाही. चिवडा नको, चालवता चालवता ठसका लागतो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यात एका बाटलीत ओआरएस. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही वाईट, मीठ पातळ होतं रक्तातलं. आणि वजन उतरवायचं खातं वेगळं, ते राइडच्या दिवशी उघडायचं नाही.

पंक्चरसम्राट | ३ नोव्हेंबर, सकाळी ५.४५

पैसे मागायला लाज वाटते म्हणता. आमची आई दर मंगळवारी जोगवा मागायची. पाच घरं. आमचं घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण मागायची. वडील शिक्षक, त्यांना आवडायचं नाही. ती म्हणायची, मी माझ्यासाठी मागत नाही आणि ते मला देत नाहीत, मग लाज कोणाची? तुम्ही पाच घरांपासून सुरुवात करा.

भोचकराव | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

मेसेज खोडता कशाला. इथे टाका, मी दुरुस्त करून देतो. "सहकार्याची अपेक्षा" वगैरे लिहिलं असणार. काढा. एक मुलगी, चार किमी, एक सायकल ५,२००, माझे किमी ४४०, तुमचा किमीला किती? एवढंच लिहा. आणि पंपाचं पण लिहा, त्यावर मला विश्वास बसला.

अनुस्वार | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.१८

मी बरी आहे ना? भोचकराव मदत करतायत असं दिसतंय मला.

कामावर_उशीर | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३८

अवांतर: नोकरी सांभाळून एवढा सराव कसा करतात लोक? मला तर आठ तास झोप मिळाली तरी पुरे.

घाटवेडा | १० नोव्हेंबर, सकाळी ६.३०

करतात हो. नाशिकचे महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, २०१५ मध्ये दोघांची टीम करून रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे सायकलने अख्खी अमेरिका आडवी पार करायची शर्यत, पूर्ण करून आले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये तीच रेस एकट्याने, बारा दिवसांच्या आत, साधारण ४,८०० किमी. आपल्याला त्यातलं शेपूटसुद्धा मारायचं नाहीये. सकाळी पाचचा गजर आणि रात्री मोबाइल दहाला बंद, एवढं जमलं तरी झालं. मोबाइल बंद करणं जास्त अवघड. (तुमची पोस्ट रात्री साडेअकराची आहे.)

गिअर_नसलेली | २३ नोव्हेंबर, रात्री ८.१०

काल ७२, आज ७०. आज सकाळी सीटवर बसताना जी शिवी निघाली ती इथे लिहीत नाही, पण दहा किमीनंतर सगळं सुन्न होऊन ठीक झालं. मागच्या रविवारी १०४ झाले, शंकरपाळ्यांवर. करंगळी बरी, गुडघा बरा (सीट एकूण दोन सेंटीमीटर वर गेली!). पंक्चर घरी चारदा काढलंय, एकदा मुद्दाम टाचणी टोचून. नवरा म्हणतो हिला आवर घाला.

आणि भोचकरावांचा मेसेज काम करून गेला. १२० च्या वर लोक झालेत. कामाला येणाऱ्या मावशींनी पाचशेची नोट पुढे केली, मी नको म्हणाले तर रागावल्या, "माझी पोरगी पण चालतच जायची." घेतले.

घाटवेडा | २३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

शाब्बास. आता शेवटचे दहा दिवस काही कमवायचं नाही, फक्त पाय हलते ठेवायचे. नवीन बूट, नवीन सीट, नवीन शॉर्ट, काही नवीन नको.

दोन गोष्टी रस्त्याच्या. हायवेला डाव्या पट्टीवर रहा, मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू, हँडलला आरसा लावा. साताऱ्याच्या पुढे सहापदरीच्या कामाचे डायव्हर्जन आहेत, आणि तो काळ उसाचा, दोन-दोन ट्रॉल्या लावून गाणी ठणाणा लावलेले ट्रॅक्टर असतील. ट्रॉलीच्या मागे-मागे कधीच राहू नका, मोळी सुटते. आंबोली उतरताना ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, रिम तापते, दाबायचा-सोडायचा, दोन्ही मिळून. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि अंधारात आंबोलीत असू नका, गवा रस्त्यात उभा असला तर तो सरकत नाही, तुम्हालाच सरकावं लागतं.

गिअर_नसलेली | १० डिसेंबर, रात्री ९.००

पोचलो! आठही जण. उशीर झाला लिहायला कारण दोन दिवस नुसती झोपले.

पहिला दिवस गारठ्यात सुरू झाला. खंबाटकीत मात्र माझं पितळ उघडं पडलं. चढ तेवढा नाही, पण शेजारून ट्रक घोंघावत, धूर ओकत जातात आणि सरळ धरून चालवायला जागाच राहत नाही, मी घाबरले आणि उतरले. दीड किमी ढकलत गेले. घड्याळात मोजलंय, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सातारा-कोल्हापूर म्हणजे धूळ, ऊस, धूळ. कराडच्या पुढे कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्याच्या मात्र मी तीन वाट्या प्याले आणि त्यानंतर मला सगळ्यांबद्दल प्रेम वाटायला लागलं.

तिसरा दिवस. निपाणीवरून उत्तूरमार्गे आजरा, हायवे सुटला आणि एकदम शांत. शाळेत पोचलो तर मुली रांगेत वगैरे उभ्या नव्हत्या, बरं झालं, त्या मैदानात मेस्त्रींच्या भोवती गोळा होऊन ट्यूब बादलीत बुडवत होत्या. संस्थेने आजऱ्यातल्या मेस्त्रींना दोन दिवस बोलावलं होतं. आणि माझं मागचं चाक नेमकं शाळेच्या फाट्यावरच बसलेलं. म्हटलं चला, आता दाखवूया आपली विद्या. चाक काढलं, ट्यूब काढली, भोक शोधलं, घासलं, सोल्युशन, वाट बघितली, ठिगळ, सगळं काकांच्या पोथीबरहुकूम. ट्यूब आत सारणार एवढ्यात नववीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आधी टायरातला काटा काढा की, न्हाईतर परत हुतंय." बोट फिरवलं. बाभळीचा काटा, आरपार. काका, माफ करा.

त्या रात्री आजरेकरांकडे घनसाळचा भात. किती खाल्ला ते विचारू नका.

चौथ्या दिवशी आंबोलीत हात गोठले होते, उतरताना ब्रेक दाबायला बोटं वळेनात, दोनदा थांबून काखेत हात घालून उभी राहिले. सावंतवाडीत उतरलो तेव्हा घाम. बांद्यानंतर पत्रादेवीला गोव्याची पाटी दिसली, सगळ्यांनी फोटो काढले, मी तिथल्या कठड्यावर बसून शेवटचे शंकरपाळे खाल्ले. पणजीला साडेचारला.

हिशोब, पावत्यांसकट संस्थेकडे आहे:
१४३ जणांकडून १,१८,३५० रुपये. सायकली १८, ९३,६०० चे. उभे पंप ६, ५,१०० चे. पंक्चरच्या पेट्या ६, २,४०० च्या. मेस्त्रींचे दोन दिवस, ३,०००. उरले १४,२५०, ते पुढच्या दोन वर्षांच्या टायर-ट्यूबसाठी ठेवलेत.

ब्रायटनची_सून | १० डिसेंबर, रात्री ९.४०

काय मस्त गं! ढकलल्याबद्दल डिचलिंग बीकन क्लबात स्वागत.

आजरेकर | ११ डिसेंबर, सकाळी ७.२२

भात चार वेळा घेतला. मी मोजलाय.

पंक्चरसम्राट | ११ डिसेंबर, सकाळी ७.३०

माफी कसली. त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. पेटीतलं सोल्युशन उघडलं की सहा महिन्यांत वाळतं, ट्यूबला झाकण घट्ट लावायला सांगा.

भोचकराव | ११ डिसेंबर, सकाळी ९.०५

पंप ८५० ला महाग घेतला. बाकी हिशोब तपासला, जुळतो. ४४० वजा खंबाटकीचे दीड, ४३८.५ गुणिले २. ८७७ रुपये आत्ताच संस्थेच्या खात्यात टाकले.

गिअर_नसलेली | ११ डिसेंबर, सकाळी ९.३१

मिळाले. वहीत १४४ वे नाव लिहिलं, एकूण १,१९,२२७. पावतीसाठी पॅन व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा.

भोचकराव | ११ डिसेंबर, सकाळी ९.३३

पॅन नको, नवी करप्रणाली आहे. मुलींच्या सायकलींना मागे लाल रिफ्लेक्टर आहे का ते बघा आधी.